किल्ली कोणाकडे? सकळ लिपीपासून पासवर्डच्या तिजोरीपर्यंत

बीड जिल्ह्याच्या गेवराई तालुक्यात गोदावरीच्या काठी पांचाळेश्वर नावाचे गाव आहे. महानुभाव पंथाचे लोक त्याला आत्मतीर्थ म्हणतात आणि श्रीदत्तात्रेयांचे स्थान म्हणून दूरदूरहून दर्शनाला येतात. मराठीतला पहिला मोठा गद्यग्रंथ, म्हाइंभटांचे 'लीळाचरित्र', आपल्या भाषेला याच पंथाने दिला. तो शेकडो वर्षे कुलपात ठेवला, तोही याच पंथाने. हे कुलूप लोखंडाचे नव्हते, अक्षरांचे होते.

आज शाळेच्या कार्यालयात संगणकासमोर बसलेल्या मुख्याध्यापकांकडे अशी अक्षरांची कुलपे दहा-वीस तरी असतात. यू-डायस प्लसचे एक, शालार्थचे दुसरे, शिष्यवृत्तीचे तिसरे, बँकेचे चौथे, ई-मेलचे पाचवे. प्रत्येकाची किल्ली वेगळी असावी अशी अपेक्षा आणि ती लिहून ठेवू नये अशी सूचना. मग ती ठेवायची कोठे? मौल्यवान वस्तू कुलपात ठेवली की तिच्या रक्षणाचा प्रश्न संपत नाही, तो किल्लीच्या रक्षणाचा प्रश्न बनतो. सुमारे साडेसहाशे वर्षांपूर्वी महानुभाव महंतांपुढे हाच प्रश्न होता. त्यांचे उत्तर कोठे टिकले आणि कोठे तोकडे पडले हे पाहिले, तर आजचे उत्तर समजणे सोपे जाईल.

परवलीचा शब्द

'पासवर्ड'साठी मराठीत 'परवलीचा शब्द' हा चांगला शब्द आहे. रात्रीच्या अंधारात छावणीत येणारा माणूस आपला की शत्रूचा, हे ओळखण्यासाठी पहारेकरी तो विचारत असे. ग्रीक इतिहासकार पॉलिबिअस याने इ.स.पूर्व दुसऱ्या शतकात रोमन सैन्याची पद्धत वर्णन करून ठेवली आहे. त्या दिवसाचा शब्द एका लाकडी पाटीवर लिहून दिला जाई. ती पाटी एका तुकडीकडून दुसऱ्या तुकडीकडे जाई आणि अंधार पडण्यापूर्वी अधिकाऱ्याकडे परत येई. एखादी पाटी परत आली नाही, तर इतर पाट्यांवरील खुणांवरून ती कोठे अडकली हे लगेच कळे. शब्द रोज नवा असे. एका दिवसाचा शब्द फुटला तरी दुसऱ्या दिवशी त्याचा उपयोग नसे.

येथे एक भेद लक्षात ठेवावा. परवलीचा शब्द 'मी कोण' हे सिद्ध करतो. कूटलिपी मजकूर झाकते. पहिला पहारेकऱ्याचा प्रश्न आहे, दुसरा पत्रलेखकाचा. हे दोन प्रवाह हजारो वर्षे वेगळे वाहिले. संगणकाच्या युगात ते एकत्र आले आणि पासवर्डची तिजोरी, म्हणजे ज्याला आपण 'पासवर्ड मॅनेजर' म्हणतो ती आज्ञावली, त्या संगमावर उभी आहे.

अक्षरांचे कुलूप

मजकूर झाकण्याची कला आपल्याकडे जुनी आहे. वात्स्यायनाच्या कामसूत्रात चौसष्ट कला सांगितल्या आहेत, त्यांत 'म्लेच्छितविकल्प' ही एक आहे. तिच्यावर यशोधराने लिहिलेल्या 'जयमंगला' टीकेत 'मूलदेवीय' नावाची पद्धत येते. तिच्यात अक्षरांच्या जोड्या लावतात आणि जोडीतील अक्षरांची अदलाबदल करतात. उदाहरणार्थ, 'न' आणि 'म' ही एक जोडी, 'त' आणि 'प' ही दुसरी. मग 'नमन' हा शब्द 'मनम' होतो आणि 'तप'चे 'पत' होते. आपल्याकडील अंकपल्लवीत अक्षराऐवजी त्याच्या वर्गाचा आणि क्रमाचा अंक येई, तर करपल्लवीत बोटांच्या खुणांनी बोलणे होई.

महानुभाव पंथाने या कल्पनेचा फार मोठा उपयोग केला. तेराव्या शतकात चक्रधरस्वामींनी पंथाचा पाया घातला. त्यांच्यामागे नागदेवाचार्यांनी पंथाचे लेखन संस्कृतात न होता मराठीतच व्हावे असा आग्रह धरला. सामान्य बायाबापड्यांना ते कळले पाहिजे, हे त्यामागचे कारण होते. पुढे देवगिरीच्या पाडावाच्या धामधुमीत लीळाचरित्राची मूळ प्रत नाहीशी झाली आणि शिष्यांनी स्मरणातून ती पुन्हा उभी केली, असे पंथाची परंपरा सांगते. लीळाचरित्राचे अनेक पाठ आढळतात, त्याचे एक कारण हेच मानले जाते.

चौदाव्या शतकात रवळोबासांनी 'सकळ' लिपी सुरू केली असे परंपरा मानते. एका अक्षराच्या जागी दुसरे अक्षर किंवा खूण, असे तिचे साधारण स्वरूप आहे. पुढे सुंदरी, वज्र, अंक, शून्य, सुभद्रा अशा आणखी अनेक लिप्या आल्या, पण सर्वांत जास्त पोथ्या सकळ लिपीत लिहिल्या गेल्या. असे का केले असावे? पवित्र वचने अनधिकाऱ्याच्या हाती जाऊ नयेत, विरोधकांनी त्यांची विटंबना करू नये, पाठात कोणी फेरफार करू नये, अशी वेगवेगळी कारणे अभ्यासक देतात. किल्ली गुरूकडून शिष्याकडे जात असे. पंथ पंजाब-पेशावरपर्यंत पसरला, तेथेही पोथ्या गेल्या आणि त्यांच्याबरोबर किल्लीही गेली.

यात एक विसंगती आहे. सर्वांना कळावे म्हणून जे मराठीत लिहिले, ते दोन-तीन पिढ्यांतच मराठी वाचणाऱ्याला कळेनासे झाले. आजच्या बीड जिल्ह्यातच आंबेजोगाईला मुकुंदराजांचा आणि दासोपंतांचा वारसा आहे. मुकुंदराजांचा 'विवेकसिंधु' लोकांत फिरत राहिला. दासोपंतांनी तर लांबलचक कापडावर लिहून 'पासोडी'च उलगडून ठेवली. त्याच गोदाखोऱ्यातले लीळाचरित्र मात्र बाहेरच्या मराठी वाचकाला सहा शतके जवळजवळ अज्ञात राहिले.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी सकळ लिपीचा उलगडा केला. वि. ल. भावे, य. खु. देशपांडे यांच्यासारख्या संशोधकांनी हे साहित्य लोकांपुढे आणले. १९३०च्या दशकात ह. ना. नेने यांनी लीळाचरित्राचे भाग छापले आणि १९७८ साली वि. भि. कोलते यांनी संपादित केलेली आवृत्ती निघाली. कुलूप निघाले तेव्हा मराठी गद्याचा इतिहासच बदलला.

कुलूप कशामुळे निघते?

अक्षराला अक्षर बदलणारी लिपी फार काळ टिकत नाही, हे बगदादच्या अल्-किंदी या विद्वानाने नवव्या शतकातच दाखवून दिले होते. कोणत्याही भाषेत काही अक्षरे वारंवार येतात, काही क्वचित. मराठीचा एखादा उतारा घेऊन मोजून पाहा: 'र', 'त', 'ल', 'न' पुन्हापुन्हा भेटतील, 'झ' आणि 'ठ' कमी भेटतील, 'ङ' तर जवळजवळ भेटणारच नाही. अक्षराचा वेश बदलला तरी त्याची वारंवारिता बदलत नाही. शिवाय 'आणि', 'होता', 'तो' असे शब्द ठरावीक ठिकाणी येतातच.

दुसरा दोष अधिक महत्त्वाचा आहे. सकळ लिपीत पद्धत हीच किल्ली होती. ती एकाला कळली की त्या लिपीतील सगळ्या पोथ्या एकदम उघडल्या. १८८३ साली ऑगुस्त केर्कहॉफ्स या भाषेच्या प्राध्यापकाने लष्करी कूटलेखनावर लिहिताना एक नियम मांडला: पद्धत शत्रूच्या हाती पडली तरी बिघडू नये, गुप्त राहावी ती फक्त किल्ली, आणि ती सहज बदलता यावी. कुलपाचा कारखाना सर्वांना माहीत असतो, त्याने आपले कुलूप निघत नाही, कारण किल्ली आपल्याकडे असते. आजचे सर्व विश्वसनीय कूटलेखन या नियमावर चालते. जी आज्ञावली 'आमची पद्धत गुप्त आहे म्हणून ती सुरक्षित आहे' असे सांगते, तिच्यापासून सावध राहावे.

उलट बाजूचा धोकाही मराठवाड्याला परिचित आहे. बीड जिल्हा सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. त्या काळचे महसुली दप्तर उर्दूत आहे, अनेक जुने कागद मोडीत आहेत. हे कागद कोणी गुप्त म्हणून लिहिले नव्हते. पण २०२३ साली सरकारने मराठवाड्यात जुन्या कुणबी नोंदींचा शोध सुरू केला, तेव्हा उर्दू आणि मोडी वाचणारी माणसे शोधत फिरावे लागले. वाचणारा राहिला नाही की उघडे दप्तरही बंद होते. तेव्हा किल्लीविषयी दोन प्रश्न नेहमी एकत्र विचारावे लागतात. ती चोराच्या हाती कशी पडणार नाही? आणि ती हक्काच्या माणसाच्या हातून कशी सुटणार नाही?

संगणकातला पहारेकरी

संगणकावर पासवर्ड आला तो १९६०च्या दशकाच्या आरंभी. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत फर्नांडो कॉर्बाटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकच संगणक अनेकांनी एकाच वेळी वापरण्याची व्यवस्था तयार केली. तिचे पहिले प्रात्यक्षिक १९६१ साली झाले. प्रत्येकाची टिपणे वेगळी राहावीत म्हणून प्रत्येकाला एक पासवर्ड दिला. सगळे पासवर्ड एकाच यादीत, जसेच्या तसे लिहिलेले असत.

ही यादी लवकरच फुटली. १९६२ साली अ‍ॅलन शेर या संशोधक विद्यार्थ्याला संगणकाचा वेळ आठवड्याला फक्त चार तास मिळत होता. त्याने पासवर्डची यादी छापून देण्याची विनंती पंच केलेल्या कार्डावरून संगणकाला दिली आणि संगणकाने ती इमानेइतबारे छापून दिली. हे त्याने अनेक वर्षांनी स्वतःच सांगितले. याच दशकात आणखी एक प्रकार घडला. दोन व्यवस्थापक एकाच वेळी दोन वेगळ्या फायलींवर काम करत होते, त्या एकमेकींत मिसळल्या, आणि आत येणाऱ्या प्रत्येकाला स्वागताच्या सूचनेऐवजी सर्वांच्या पासवर्डची यादी दिसू लागली.

मग युक्ती अशी निघाली की, पासवर्ड मुळी साठवायचाच नाही. १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात केंब्रिजमध्ये रॉजर नीडहॅम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती वापरात आणली. गिरणीत ज्वारी दळली की पिठावरून मूळचे दाणे जुळवता येत नाहीत. तसे पासवर्डावर एक एकेरी गणिती क्रिया करायची आणि फक्त तिचे उत्तर जपून ठेवायचे. उद्या पुन्हा पासवर्ड टंकला की तीच क्रिया करून उत्तर जुळते का पाहायचे. यादी चोरणाऱ्याच्या हाती पीठ लागते, दाणे लागत नाहीत.

पण चोर दुसऱ्या बाजूने येतो. तो स्वतःच शब्दकोशातील एकेक शब्द दळून पाहतो आणि कोणते पीठ जुळते ते शोधतो. १९७९ साली रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्प्सन यांनी हे मोजून दाखवले. त्यांनी गोळा केलेल्या ३,२८९ पासवर्डांपैकी १५ पासवर्ड एकाच चिन्हाचे होते, ७२ दोन चिन्हांचे, ४६४ तीन चिन्हांचे. असेच पुढे जात, अगदी लहान शब्द, नावे आणि शब्दकोशातील शब्द मिळून २,८३१, म्हणजे ८६ टक्के पासवर्ड सहज सापडण्याजोगे निघाले. कुलूप उत्तम होते, माणसांनी किल्ली वाळलेल्या काडीची केली होती.

त्यांनी दोन उपाय सांगितले आणि ते आजही चालतात. एक, दळण मुद्दाम संथ करायचे, म्हणजे आपल्याला क्षणभर थांबावे लागले तरी चोराला प्रत्येक अंदाजामागे तेवढेच थांबावे लागेल. दुसरा, प्रत्येकाच्या पासवर्डात दळण्यापूर्वी एक वेगळी यादृच्छिक संख्या मिसळायची. तिला 'मीठ' असेच नाव आहे. दोघांचा पासवर्ड एकच असला तरी मीठ वेगळे असल्यामुळे पीठ वेगळे दिसते, आणि चोराला एकाच दळणात सर्वांचा शोध घेता येत नाही.

आठवणीची मर्यादा

शिष्यांनी लीळाचरित्र स्मरणातून उभे केले, कारण लीळा म्हणजे गोष्टी होत. माणसे, गावे आणि संवाद आठवणीत एकमेकांना धरून राहतात. पासवर्डाची अट याच्या नेमकी उलटी आहे. ज्याला अर्थ आहे ते आठवते, पण त्याचा अंदाजही बांधता येतो. ज्याला अर्थ नाही त्याचा अंदाज बांधता येत नाही, पण ते आठवतही नाही. मग माणूस वाट काढतो. शाळेचे नाव आणि पुढे १२३, बीडचा पिन कोड ४३११२२, गाडीचा एमएच २३ने सुरू होणारा क्रमांक, मुलीचे नाव आणि जन्मवर्ष. आणि हाच पासवर्ड सगळीकडे.

२००७ साली प्रसिद्ध झालेल्या, सुमारे पाच लाख संगणक-वापरकर्त्यांच्या अभ्यासात असे दिसले की एका माणसाची सरासरी २५ खाती होती आणि पासवर्ड मात्र सहा-सातच. खाती त्यानंतर वाढतच गेली. २००९ साली 'रॉकयू' या कंपनीचे तीन कोटी वीस लाख पासवर्ड चोरीला गेले. ते जसेच्या तसे साठवलेले होते आणि त्यांत सर्वांत लोकप्रिय होता १२३४५६. अशा याद्या आता चोरांच्या हाती आहेत. एका ठिकाणी फुटलेला पासवर्ड ते दुसऱ्या शेकडो ठिकाणी लावून पाहतात. खेळाच्या एखाद्या फालतू संकेतस्थळावर दिलेला पासवर्ड बँकेतही तोच असेल, तर बँकेची सारी व्यवस्था व्यर्थ ठरते.

थोडे गणित करू. समजा चोराकडे पिठाची यादी आहे आणि त्याचे यंत्र सेकंदाला एक हजार कोटी अंदाज तपासते. साध्या, जलद दळणावर आजच्या यंत्रांना हे अवघड नाही. आपल्या देशातील मोबाइल क्रमांक दहा अंकी असतो आणि पहिला अंक ६ ते ९ यांपैकी असतो. म्हणजे शक्यता ४०० कोटी. मोबाइल क्रमांक हाच पासवर्ड ठेवला असेल, तर तो अर्ध्या सेकंदाच्या आत सापडेल. दळण सहा लाख पट संथ केले, तरी तीन दिवसांत.

आता फासे घ्या. १९९५ साली अर्नोल्ड राइनहोल्ड यांनी एक सोपी रीत सुचवली. पाच वेळा फासा टाकला की ६ × ६ × ६ × ६ × ६ = ७,७७६ शक्यता होतात. तितक्या साध्या शब्दांची क्रमवार यादी करायची आणि फाशाने जो शब्द दाखवला तो घ्यायचा. असे चार शब्द घेतले तर वरचे यंत्र सुमारे सव्वाचार दिवसांत सर्व शक्यता संपवील. पाच शब्दांना ९० वर्षे लागतील आणि सहा शब्दांना सुमारे सात लाख वर्षे. प्रत्येक नव्या शब्दागणिक काम ७,७७६ पट वाढते. शब्द साधेच असल्याने त्यांची एक विचित्र गोष्ट रचून ते लक्षात ठेवता येतात. मात्र शब्द फाशाने निवडायचे, मनाने नव्हे. मन पुन्हा गावाच्या आणि मुलांच्या नावांकडेच जाते.

पण असे सहा शब्द एकदा पाठ होतील, वीस खात्यांसाठी वीस वेळा होणार नाहीत. येथे तिजोरीचा उपयोग सुरू होतो.

तिजोरी

१९९७ साली ब्रूस श्नायर या कूटलेखनतज्ज्ञाने 'पासवर्ड सेफ' नावाची छोटी आज्ञावली काढली. २००३ साली 'कीपास' आली, २०१६ साली 'बिटवॉर्डन'. आता अनेक फोन आणि ब्राउझरमध्ये अशी सोय आधीपासूनच असते. सर्वांची मूळ कल्पना एक आहे. सगळे पासवर्ड एका वहीत लिहायचे, ती वही कूटलेखनाने बंद करायची, आणि आपण फक्त एकच मुख्य पासवर्ड लक्षात ठेवायचा.

आत काय घडते? आपण मुख्य पासवर्ड टंकतो. आज्ञावली त्यात मीठ मिसळते आणि काही लाख फेऱ्यांचे संथ दळण करते. त्यातून एक लांबलचक संख्या मिळते, ती खरी किल्ली. या किल्लीने वहीचे कूटलेखन होते. त्यासाठी बहुधा वापरली जाणारी पद्धत २००१ साली अमेरिकेत प्रमाण म्हणून स्वीकारली गेली. ती पूर्णपणे प्रसिद्ध आहे आणि जगभरच्या गणितज्ञांनी तपासली आहे. केर्कहॉफ्सचा नियम येथे शब्दशः पाळला जातो. चांगल्या व्यवस्थेत मुख्य पासवर्ड कंपनीकडे जातच नाही, तिच्याकडे असते ती फक्त बंद वही.

वीस खात्यांचे वीस पासवर्ड मग यंत्रच बनवते. ते अर्थहीन आणि लांब असतात, प्रत्येक वेगळा असतो. आपल्याला ते पाठ असण्याची गरज नाही. आणखी एक फायदा आहे. खोटे संकेतस्थळ खऱ्यासारखे सजवून पासवर्ड काढून घेणे हा आजचा सर्रास मार्ग आहे. पत्त्यातला एका अक्षराचा फरक माणसाच्या डोळ्यांना दिसत नाही. तिजोरी मात्र पत्ता अक्षरशः जुळवते आणि जुळला नाही तर पासवर्ड भरायला पुढे येत नाही. ती गप्प बसली, तर आपण थांबून पत्ता वाचावा.

सगळी अंडी एका टोपलीत ठेवायची का, हा आक्षेप योग्य आहे. २०२२ साली 'लास्टपास' या कंपनीकडून ग्राहकांच्या बंद वह्यांच्या प्रती चोरीला गेल्या. संकेतस्थळांचे पत्ते कूटलेखनाविना होते, तेही गेले. पासवर्ड बंद होते. ते किती काळ बंद राहतील, हे प्रत्येकाचा मुख्य पासवर्ड किती बळकट आणि दळण किती संथ यावर अवलंबून राहिले. म्हणजे तिजोरी घेतल्याने मुख्य पासवर्डाची जबाबदारी वाढते. उरलेल्या एकोणीस पासवर्डांची जबाबदारी तेवढी उतरते.

यंत्राचे कुलूप कितीही बळकट असले, तरी माणसाकडूनच किल्ली मागून घेता येते. २००५ साली पुण्यातील एका कॉल सेंटरमधील काही कर्मचाऱ्यांनी अमेरिकेतील बँक-ग्राहकांचा विश्वास संपादन करून त्यांचे गुप्त क्रमांक मिळवले आणि सुमारे साडेतीन लाख डॉलर काढले. त्यात कूटलेखन कोणीही फोडले नव्हते. म्हणून बँकेतून बोलतो, वरिष्ठ कार्यालयातून बोलतो, असे म्हणणाऱ्याला पासवर्ड किंवा ओटीपी सांगायचा नाही. हा नियम कोणतीही तिजोरी आपल्यासाठी पाळू शकत नाही.

पासवर्डाऐवजी 'पासकी' वापरण्याचा मार्ग आता पुढे येत आहे. तिच्यात गुप्त किल्ली फोनमध्येच राहते आणि संकेतस्थळाकडे तिची फक्त जोडीदार उघडी किल्ली जाते, त्यामुळे तेथून चोरण्यासारखे काही उरत नाही. २०२२ साली तीन मोठ्या कंपन्यांनी तिला एकत्र पाठिंबा जाहीर केला. पण पासवर्ड अजून पुष्कळ वर्षे आपल्याबरोबर राहतील. पासवर्डाचे जनक कॉर्बाटो २०१९ साली वारले. उतारवयात त्यांनीच सांगितले होते की पासवर्ड हे दुःस्वप्न झाले आहे आणि त्यांनाही आपले पासवर्ड कागदावर लिहून ठेवावे लागत होते.

शाळेच्या किल्ल्या

दसरा-दिवाळीनंतर बीड जिल्ह्यातील हजारो कुटुंबे ऊसतोडीला जातात. काही मुले हंगामी वसतिगृहात राहतात, काही आईबापांबरोबर जातात. मूल गावात नसले तरी त्याची नोंद शाळेच्या लॉगिनमागे असते: नाव, आईचे नाव, जन्मतारीख, जात, आधार क्रमांक, शिष्यवृत्तीचे बँक खाते. त्याचे आईबाप फडात आहेत, ते तपासायला येणार नाहीत. त्या मुलाच्या माहितीवर पहारा देणारा एकच माणूस आहे, तो म्हणजे शाळेचा पासवर्ड ज्याच्याकडे आहे तो. शाळेचा ११ अंकी यू-डायस क्रमांक सर्वांना ठाऊक असतो. तोच वापरनाव असेल, तर गुप्त असे फक्त पासवर्डच उरते. आणि तो शाळेच्या नावापुढे १२३ असा असेल, तर काहीच उरत नाही.

ऑनलाइन कामे पुष्कळदा जवळच्या सेवा केंद्रावर करून घेतली जातात आणि पासवर्ड चिठ्ठीवर लिहून दिला जातो. परक्या संगणकावर 'पासवर्ड साठवू का?' या प्रश्नाला नेहमी 'नाही' म्हणावे, काम झाल्यावर बाहेर पडावे आणि पासवर्ड द्यावाच लागला असेल तर त्याच दिवशी बदलावा. दुसऱ्याचा पासवर्ड अप्रामाणिकपणे वापरणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-क, म्हणजे इंग्रजी क्रमाने ६६ सी, खाली गुन्हा आहे आणि त्याला तीन वर्षांपर्यंत कैद व एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पैशांची ऑनलाइन फसवणूक झाल्यास १९३० या क्रमांकावर लगेच कळवावे.

कपाटात कुलपाखाली ठेवलेली कागदी वही वाईट नाही. दूरदेशीचा चोर ती उघडू शकत नाही. पण तिची दुसरी प्रत नसते, शेजारचा माणूस तिचा फोटो काढू शकतो आणि खोट्या संकेतस्थळाबद्दल ती सावध करत नाही. आपल्या परिस्थितीनुसार निवड करावी. मात्र भिंतीवरचा कागद, टेबलाच्या काचेखालची चिठ्ठी आणि शिक्षकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावरचा संदेश या तिन्ही जागा टाळाव्यात.

शेवटी दुसरा प्रश्न. मुख्याध्यापकांची बदली झाली, ते निवृत्त झाले किंवा अचानक आजारी पडले, तर? चांगल्या तिजोरीचा मुख्य पासवर्ड विसरला तर कंपनीही ती उघडू शकत नाही. तिची ताकद आहे तीच तिची अडचणही आहे. म्हणून शाळेच्या खात्यांची तिजोरी वैयक्तिक खात्यांपासून वेगळी ठेवावी. तिचा मुख्य पासवर्ड कागदावर लिहून पाकिटात बंद करावा, चिकटवलेल्या जागेवर दोघांच्या सह्या घ्याव्यात आणि ते शाळेच्या कुलूपबंद कपाटात ठेवून नोंदवहीत नोंद करावी. पाकीट उघडले गेले तर ते दिसेल, जसे रोमन छावणीत न परतलेल्या पाटीवरून कळत असे. कार्यभार सोपवताना दाखल-खारीज रजिस्टर आणि रोकडवहीबरोबर या पाकिटाचीही देवघेव व्हावी आणि त्याच दिवशी पासवर्ड बदलावा. महानुभाव महंतांनी किल्ली शिष्याच्या हाती सोपवली म्हणूनच पोथ्या मुक्या झाल्या नाहीत.

वर्गात करून पाहा

१. मराठीतील शंभर ओळींचा उतारा घ्या. प्रत्येक व्यंजन किती वेळा आले ते गटागटाने मोजा आणि स्तंभालेख काढा. मग एका गटाने मनाने अक्षरांच्या जोड्या ठरवून दुसरा उतारा बदलून लिहावा. दुसऱ्या गटाने स्तंभालेखाच्या आधाराने तो सोडवावा. वीस शब्दांचा उतारा सोडवणे सोपे की दोनशे शब्दांचा? का?

२. विद्यार्थ्यांनी रोजच्या वापरातील २१६ मराठी शब्दांची क्रमवार यादी करावी. तीन वेळा फासा टाकून एक शब्द निवडा. ७,७७६ शब्दांच्या यादीतील पाच शब्दांइतके बळ मिळण्यासाठी आपल्या यादीतील किती शब्द लागतील? फासा किती वेळा टाकावा लागतो हे मोजले की उत्तर सापडेल. पाच शब्दांना २५ फेकी लागतात, तर आपल्या यादीतील आठ शब्दांना २४ आणि नऊ शब्दांना २७. बळ शब्दांच्या लांबीत आहे, अवघडपणात आहे, की निवडीत आहे?

३. घरातील मोठ्या माणसांना विचारा: कोणती खाती, कोणते कागद, कोणती कुलपे अशी आहेत, ज्यांची किल्ली फक्त एकाच माणसाकडे आहे? पासवर्ड विचारू नका आणि लिहूनही आणू नका. फक्त अशा किल्ल्या किती, तेवढे मोजा आणि वर्गात आकडे मांडा.